समूह गप्प का झाला? रानफुलांच्या समूहाच्या ॲडमिन मंडळास खुले पत्र

प्रति,
ॲडमिन मंडळ, आमचा रानफुले व वनस्पती समूह,
आणि असे छंद-समूह चालवणारे सर्वजण

सस्नेह नमस्कार.

गेल्या महिन्यात आपण आपल्या व्हॉट्सॲप समूहावर सूचना लावली की यापुढे येथे फक्त ॲडमिनच मजकूर टाकू शकतील, सदस्यांनी आपले फोटो आणि प्रश्न आपल्यापैकी कोणा एकाच्या क्रमांकावर खासगीत पाठवावेत, आणि त्यांतले निवडक आठवड्यातून एकदा प्रसिद्ध केले जातील. कारण एकाच वाक्यात दिले होते: सदस्यांचा सहभाग फार कमी झाला आहे. त्या सूचनेवर कोणालाच काही लिहिता आले नाही, कारण लिहिण्याची सोय तोवर बंद झाली होती. मी आपल्यापैकी दोघांना फोन केला. दोघांनीही शांतपणे ऐकून घेतले आणि निर्णय झाला आहे, असे सांगितले. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. ते आपल्याला उद्देशून आहे. पण पक्षी पाहणारे, नाणी जमवणारे, आकाशदर्शन करणारे, गच्चीवर भाजी पिकवणारे अशा ज्या ज्या समूहांत आज हीच शांतता पसरली आहे, त्यांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

मी साताऱ्यात राहते. सहकारी बँकेतल्या नोकरीतून निवृत्त झाले. वनस्पतिशास्त्र मी कधी शिकले नाही. २००९ च्या श्रावणात यवतेश्वरच्या घाटात रस्त्याकडेला पांढऱ्या फुलांचे एक रोप दिसले, त्याचा फोटो मी तेव्हाच्या आपल्या ई-मेल समूहाला पाठवला आणि ‘हे काय आहे?’ एवढेच विचारले. जे उत्तर आले त्यात नाव नव्हते. खोड बोटांत फिरवून पाहा, ते चौकोनी लागते का. पाने समोरासमोर आहेत का. पान चुरगळले तर वास येतो का. फुले खोडाभोवती गोल गुच्छात आहेत की नुसती शेंड्यावर, असे प्रश्न होते. उत्तरे देण्यासाठी मी पुढच्या रविवारी पुन्हा घाटात गेले. खोड चौकोनी होते. तसे कळवल्यावर मला सांगण्यात आले की चौकोनी खोड आणि समोरासमोर पाने ही तुळशीच्या कुळाची मोठी खूण आहे, आणि मी पाहिलेले रोप म्हणजे आपल्याकडचा तुंबा. काही आठवड्यांनी दीपमाळ दिसली, तेव्हा तिचे कूळ मला कोणालाही न विचारता ओळखता आले. त्या दिवसाचा आनंद मी अजून विसरलेले नाही. ज्या गृहस्थांनी मला ते प्रश्न विचारले, त्यांना मी आयुष्यात कधी भेटले नाही. गेली पाच वर्षे ते समूहात एक शब्दही लिहीत नाहीत. सहभाग कमी झाला असे आपण म्हणता तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आकडा येत नाही, ते गृहस्थ येतात.

आपल्या सूचनेमागे असे गृहीत आहे की लोकांचा उत्साह आटला, त्यांच्याकडे वेळ उरला नाही, म्हणून समूह गप्प झाला. मला हे पटत नाही. कासच्या पठारावर सप्टेंबरात लोटणारी गर्दी पाहा, पावसाळ्यात रानभाज्यांच्या महोत्सवांना येणारे लोक पाहा. झाडाफुलांविषयीचे कुतूहल पंधरा वर्षांपूर्वी होते त्याहून आज निश्चितच अधिक आहे. माणसे लिहीत नाहीत, कारण आपण लिहिलेले येथे टिकत नाही हे त्यांना कळून चुकले आहे. लक्ष देऊन लिहिलेले उत्तर दुपारपर्यंत शंभर संदेशांखाली गाडले जाते, महिन्याभराने शोधून सापडत नाही, आणि वर्षाने तोच प्रश्न जणू पहिल्यांदाच विचारला जातो. असे चार-पाच वेळा झाले की जाणकार माणूस रागावत नाही, भांडत नाही. तो लिहायचे थांबवतो, एवढेच.

सह्याद्रीतल्या कारवी या झुडपाचे उदाहरण घेते, कारण याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही. कारवी एका जागी सात वर्षे नुसती वाढते आणि मग त्या टापूतली सगळी एकदम फुलून, बी धरून मरते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८ साली फुलली, मग २०१६ साली, मग २०२४ साली. पण सह्याद्रीत सगळीकडे तिचे वर्ष एकच नसते. एका खोऱ्यातली कारवी फुललेली असते तेव्हा डोंगरापलीकडची नुसती हिरवी असू शकते. कोणत्या खोऱ्याचे कोणते वर्ष, हे कळायचे तर त्या त्या गावच्या, त्या त्या घाटातल्या माणसांनी नोंद ठेवली पाहिजे आणि ती नोंद निदान आठ वर्षे जपली गेली पाहिजे. आपल्या समूहात २००८ च्या आणि २०१६ च्या अशा नोंदी होत्या. २०२४ च्या पावसाळ्यात एका तरुण सदस्याने विचारले की मागच्या वेळी आपल्या भागात पहिली फुले कोणत्या आठवड्यात दिसली होती, तिच्यावर येणाऱ्या मधमाश्यांची पोळी केव्हा बसली होती. समूहात हजाराच्या आसपास माणसे होती. कोणालाही सांगता आले नाही. कारवीच्या एका फेऱ्याइतकीही आपल्या समूहाची आठवण पुरली नाही, याचे मला मनापासून दुःख झाले.

ही आठवण गेली कशी, हे आपल्याला माहीत आहे, तरी वाचणाऱ्यांसाठी सांगते. आपला ई-मेल समूह याहू ग्रुप्सवर होता. तेथील जुना मजकूर काढून टाकला जाणार, हे २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाले, आपापला संग्रह उतरवून घेण्यासाठी मुदत दिली गेली, आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सेवाच बंद झाली. त्याआधी सप्टेंबर २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झाले होते आणि तेथल्या मराठी छंदमंडळींचे काय झाले, हे सर्वांनी पाहिले होते. म्हणजे अनुभव होता, पूर्वसूचना होती, अवधीही होता. तरी दहा वर्षांहून अधिक काळाची चर्चा उतरवून घेण्याचे काम आपल्या मंडळात कोणा एकावर सोपवले गेले नाही. तोवर आपण सगळे व्हॉट्सॲपवर आलो होतो आणि जुन्याची गरज कोणाला वाटली नसावी. मी स्वतःही तेव्हा विचारले नाही. ती माझी चूक होती आणि ती मला सलते.

व्हॉट्सॲपवर आल्याने पुष्कळ माणसे जोडली गेली, हे खरे आहे. ज्यांना ई-मेल लिहिणे जमत नव्हते अशा आमच्या जावळीतल्या, पाटणमधल्या बायका प्रथमच बोलू लागल्या, आणि रानभाज्यांविषयी त्यांना जे ठाऊक होते ते आमच्यापैकी कोणालाच नव्हते. पण ही जागा गप्पांसाठी घडवलेली आहे, नोंदींसाठी नव्हे. येथे पाठवलेला फोटो आकसतो, त्यातली पानावरची लव दिसेनाशी होते, आणि फोटोच्या पोटात असलेली तारीख-ठिकाणाची नोंदही गळून पडते. विषय वेगळे करता येत नाहीत. एका फुलाविषयीची चर्चा, दुसऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि तिसऱ्याने पुढे ढकललेला चुटका एकाच ओळीत वाहतात. हे दोष समजून घेऊन त्यांवर उपाय करणे शक्य होते. त्याऐवजी २०२२ मध्ये एका समूहातली सदस्यमर्यादा १,०२४ पर्यंत वाढली, तेव्हा आपण सातारा, कोकण आणि पुण्याचे तीन छोटे समूह एकत्र करून एक मोठा समूह केला. सदस्यसंख्या वाढली म्हणून आपण आनंदाने जाहीरही केले. माझा अनुभव असा की त्या आठवड्यापासूनच नवखी माणसे बोलायची थांबली. दीडशे ओळखीच्या माणसांत ‘मला हे ठाऊक नाही’ म्हणता येते. हजार अनोळखी माणसांत म्हणायला धैर्य लागते.

संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी २००६ मध्ये मांडलेले एक ढोबळ प्रमाण पुष्कळांना माहीत आहे: अशा समूहांत शंभरांतले नव्वद फक्त वाचतात, नऊजण अधूनमधून लिहितात आणि बहुतेक मजकूर एकट्या एकाचा असतो. प्रत्येक समूहाला ते तंतोतंत लागू पडेल असे नाही, पण आपल्याकडचे चित्र यापेक्षा फार वेगळे नव्हते. ते खरे धरले तर नव्वदांच्या मौनाने समूह मरत नाही. ते आधीपासूनच वाचक होते आणि वाचणे हाही सहभागच आहे. समूह मरतो तो त्या एका माणसाच्या जाण्याने. आपल्या मंडळाने गेल्या काही वर्षांत सदस्य किती झाले हे वारंवार मोजले. नियमाने उत्तरे देणारी दहा-बारा माणसे कोण होती, त्यांतली किती उरली आणि गेलेली का गेली, हे एकदाही विचारले नाही.

मला ज्यांची कारणे ठाऊक आहेत ती सांगते. एक बाई दर दसऱ्याला न चुकता समजावून सांगत की बाजारात आपटा म्हणून जो पाला विकला जातो, त्यात पुष्कळदा कांचनाच्या फांद्या असतात. आपट्याचे पान लहान आणि जाड, कांचनाचे मोठे आणि पातळ. आणि एका दिवसासाठी दोन्ही झाडे ओरबाडली जातात. सलग सहा वर्षे त्यांनी हे लिहिले. सातव्या वर्षी त्यांनी विनंती केली की हे एकदा नीट लिहून कायम दिसेल असे कोठेतरी ठेवावे. मंडळाकडून उत्तर आले नाही. आठव्या वर्षापासून त्या लिहीत नाहीत. गणपतीच्या पत्रींचेही असेच होते. एकवीस पत्रींतली कोणती वनस्पती नेमकी कोणती, हा प्रश्न भाद्रपदात दरवर्षी येतो आणि दरवर्षी अर्धवट उत्तर मिळून विरून जातो.

दुसरे उदाहरण सांगताना मला अधिक वाईट वाटते. दुर्गम वाडीतल्या एका सदस्या आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवत, कारण त्यांना टंकलेखन जमत नसे. त्यांनी कळलावीला ‘खड्यानाग’ म्हटले. त्याखाली मंडळातल्या एका सदस्याने लिहिले की समूहात केवळ शास्त्रीय नावेच वापरावीत, असा नियम आहे. शास्त्रीय नावांविषयी मला पूर्ण आदर आहे, कारण एकाच गावठी नावाच्या चार वनस्पती असतात आणि एकाच वनस्पतीची दहा गावठी नावे. पण म्हणूनच दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहून ठेवली पाहिजेत. खड्यानाग, वाघनखी, अग्निशिखा, कळलावी ही एकाच वेलीची नावे कोणत्या तालुक्यात कोणती बोलली जातात, ही माहिती त्या बाईंकडे होती आणि ती कोणत्याही ॲपमध्ये नाही. त्या दिवसानंतर त्यांचा आवाज समूहात ऐकू आला नाही. नियम बरोबर होता की चूक, याहीपेक्षा तो ज्या स्वरात सांगितला गेला, त्याने नुकसान केले.

ॲपचा विषय निघालाच आहे तर तेही बोलते. फोन झाडासमोर धरला की नाव येते, मग समूहात कशाला विचारायचे, असे पुष्कळजण म्हणतात. मीही ॲप वापरते. बागेतली, रस्त्याकडेची, सर्वत्र आढळणारी झाडे ते सहसा बरोबर सांगते. गवते, फक्त सह्याद्रीतच आढळणाऱ्या, म्हणजे प्रदेशनिष्ठ, वनस्पती आणि नुकते उगवलेले कोंब आले की त्याच्यावर विसंबता येत नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. गेल्या जुलैत एकाने कोवळ्या कोंबांचा फोटो टाकून ‘ही भाजी खाता येते का?’ असे विचारले. खाली हात जोडल्याची चिन्हे आली, फुले आली, ‘छान’ आले, एकाने ॲपने दिलेले नाव चिकटवले. वरच्या पानाचे टोक तंतूसारखे वळलेले आहे, म्हणजे ही कळलावी असू शकते आणि तिच्यात कोल्चिसिन नावाचे जहाल विष असते, हे लिहायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ उजाडली. पूर्वीच्या समूहात अर्ध्या तासात कोणीतरी पानाच्या टोकाकडे बोट दाखवले असते. ॲप नाव सांगते. नाव का, हे माणूस सांगतो, आणि शिकण्याची सुरुवात त्या ‘का’पासून होते. समूहानेही केवळ नाव सांगायचे ठरवले, तर त्याची गरज उरणार नाही हे मान्य करावे लागेल.

आपली बाजूही मला दिसते. आपण सारे नोकरी-व्यवसाय सांभाळून, कोणताही मोबदला न घेता हे काम करता. रात्री अकरा वाजता कोणीतरी राजकीय व्हिडिओ टाकतो आणि तो काढायला आपल्याला जागावे लागते. रोपवाटिकांच्या जाहिराती, सकाळच्या सुविचारांचे फोटो, दोन जाणकारांमधली कटुता, हे सगळे आपण सोसले आहे. दुर्मीळ ऑर्किडचे नेमके ठिकाण कोणीतरी उघड केले आणि पुढच्या पंधरवड्यात ते झाड उपटून नेलेले आढळले, तेव्हा आपल्यातल्या एकाला किती यातना झाल्या, हे मला माहीत आहे. सगळे दरवाजे लावून टाकावेत असे वाटणे मी समजू शकते. पण सदस्यांचे लिहिणेच बंद केल्याने सुविचार थांबतील, तसे प्रश्नही थांबतील. आणि खासगीत विचारलेल्या प्रश्नाचे खासगीत दिलेले उत्तर तर विचारणाऱ्याखेरीज कोणाच्याच उपयोगी पडत नाही. मला २००९ साली मिळालेले ते प्रश्न आणखी दोनशेजणांनी वाचले होते. त्यांतल्या किती जणांनी त्या आठवड्यात एखाद्या रोपाचे खोड बोटांत फिरवून पाहिले असेल!

थिओडोर कुक हे पेशाने अभियंते; पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला आणि सव्वाशे वर्षांनंतरही आपण अडलो की तो उघडतो, कारण कोणती वनस्पती कोठे आढळली आणि कोणी गोळा केली, हे त्यात लिहून ठेवले आहे. आपल्या समूहातल्या माणसांची नजर त्या काळच्या संग्राहकांपेक्षा उणी नाही. त्यांच्या नोंदी मागे राहाव्यात एवढेच मी मागते आहे.

तेव्हा माझ्या मागण्या स्पष्टपणे लिहिते. केवळ ॲडमिननेच लिहिण्याचा निर्णय मागे घ्यावा. शुभेच्छा आणि इतर गप्पांसाठी हवा तर वेगळा समूह काढावा आणि मूळ समूहात फक्त वनस्पतींविषयी लिहावे, हा नियम सर्वांना, मंडळालाही, सारखाच लावावा. एकत्र केलेले तीन विभाग पुन्हा वेगळे करावेत. ओळख सांगणाऱ्याने निदान एक खूण सांगावी, आणि विचारणाऱ्याने पूर्ण झाड, पानाची खालची बाजू, फूल किंवा फळ, तालुका व तारीख द्यावी. मात्र नवख्याने हे दिले नाही म्हणून त्याला फटकारू नये, मागून घ्यावे. गावठी नावांना बंदी नसावी. दुर्मीळ वनस्पतींचे नेमके ठिकाण समूहात येऊ नये, तालुक्याचे नाव पुरे आहे.

सर्वांत महत्त्वाची मागणी जपणुकीची आहे. दर महिन्याला पूर्ण झालेल्या चर्चा उतरवून, विषयवार लावून, कोणालाही शोधता येतील अशा ठिकाणी ठेवाव्यात, आणि ज्यांची ठिकाणासह खात्रीने ओळख पटली आहे अशा नोंदी, टाकणाऱ्याच्या संमतीने आणि त्याच्या नावाने, इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलसारख्या खुल्या संग्रहात द्याव्यात. हे काम मंडळानेच करावे असे नाही. दरवर्षी दोन सदस्यांवर ते सोपवता येईल आणि मंडळातही दर दोन वर्षांनी काही नवी माणसे यावीत, म्हणजे आज आपल्यावर पडणारा भार वाटला जाईल.

यात माझा वाटा मी उचलते. जुन्या समूहाचे प्रत्येक पत्र मी स्वतंत्र ई-मेलने घेत असे आणि त्यांतले एकही मी काढून टाकलेले नाही. २००९ च्या ऑगस्टपासून पुढची सगळी पत्रे, फोटोंसह, माझ्या खात्यात आहेत. कारवीच्या २०१६ च्या नोंदी त्यांत आहेत, २००८ च्या नाहीत, कारण तेव्हा मी सदस्य नव्हते. ज्यांच्या खात्यात त्याआधीची पत्रे असतील त्यांनी कृपया मंडळाला किंवा मला कळवावे. गेले तीन आठवडे रोज सकाळी दोन तास बसून मी पहिल्या वर्षाची पत्रे कुळांप्रमाणे लावून घेतली आहेत. तुळशीचे कूळ पूर्ण झाले आहे. मंडळाने वेळ द्यावा, मी ती घेऊन कोठेही यायला तयार आहे.

या पत्राला समूहातच, सर्वांना वाचता येईल असे उत्तर द्यावे, ही विनंती.

आपली,
२००९ पासूनची एक सदस्या
सातारा